ओंडक्याला दोन गुण

आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला, सरकारी जंगलातून जाणाऱ्या कच्च्या वनरस्त्याखाली एक मोरी आहे. मोरी म्हणजे ओढ्याचं पाणी रस्त्याखालून पलीकडे जावं म्हणून घातलेला सिमेंटचा नळा. गेल्या वादळात एक ओंडका वाहत आला आणि या नळ्याच्या तोंडाशी आडवा अडकला. घटना एवढीच आहे. पुढे जे झालं ते सगळं नियमाप्रमाणे झालं.

पाण्याला मात्र नियम माहीत नसतात. नळ्यातून वाट मिळेना म्हणून ते रस्त्यावर चढलं, रस्त्याची खालची कड पोखरू लागलं आणि निघालेली सगळी माती बरोबर घेऊन आमच्या टाकीत उतरू लागलं. आमची वस्ती हीच टाकी पिते.

एका सकाळी मी ऑफिसला निघताना सासूबाईंनी माझ्यापुढे काचेचा ग्लास ठेवला.

"आई, चहा झाला माझा," मी म्हटलं.

"चहा नाही तो. पाणी आहे. दोनदा फडक्यातून गाळलेलं."

मी ग्लासात पाहिलं. माझ्या चार वर्षांच्या ठकूनेही टाचा उंचावून पाहिलं आणि आत बोट बुडवलं. बोट पेरापर्यंत दिसलं, पुढचं गेलं.

"आजी, माझं बोट कुठे गेलं?"

"तुझ्या आईच्या हापिसात गेलंय," सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळी घेऊन येईल ती."

सासूबाईंचा स्वभाव सांगायला हवा. शिलाई मशीन अडलं तर त्या आधी त्याला चार शब्द सुनावतात आणि मग दुरुस्त करतात. माणसांच्या बाबतीत फक्त पहिला भाग करतात. "अगं, पाण्याच्याच कचेरीत आहेस ना तू? एक ओंडका काढायचाय. वाघ नाही मारायचा."

मी वनविभागाच्या पाणलोट मूल्यमापन कक्षात सहायक आहे. पाणलोट म्हणजे डोंगराचा एवढा भाग, की त्यावर पडलेला पाऊस शेवटी एकाच ओढ्यात येतो. जंगलात अशी पाणलोटं पुष्कळ असतात, त्यातली बरीचशी आजारी असतात, आणि आजारी पाणलोटं बरी करायला सरकारने निधी ठेवलेला असतो. मात्र निधी थोडा आणि आजारी फार. म्हणून कोणाला आधी बरं करायचं हे आमचा कक्ष ठरवतो. ते ठरवण्याचं काम इतकं मोठं आहे की बरं करण्यासाठी वेगळा कक्ष अद्याप निर्माण होऊ शकलेला नाही.

"आई, ओंडका असा काढता येत नाही," मी समजावलं. "जमीन सरकारी, ओढा सरकारी, त्यामुळे ओंडकाही सरकारी. आधी पाणलोटाचं मूल्यमापन होईल. मग प्राधान्यक्रम लागेल. मग आराखडा. मग काम."

"आणि तोवर आम्ही काय प्यायचं? आराखडा?"

मी त्याच दिवशी साहेबांकडे विषय काढला. आमचे साहेब शांत गृहस्थ आहेत. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली तीन रंगांची पट्टी आहे: हिरवा, पिवळा, लाल. कोणी काहीही विचारलं की ते त्या पट्टीवर बोट ठेवून उत्तर देतात.

"मॅडम, बसा. तुमच्या घरचं आहे म्हणून नीट सांगतो. शंभर गुणांची परीक्षा. सत्तर आणि वर, हिरवं. म्हणजे निरोगी, काही करायची गरज नाही. चाळीसच्या खाली, लाल. म्हणजे हाताबाहेर, काही करण्यात अर्थ नाही. मधलं ते पिवळं. निधी फक्त पिवळ्याला."

"पण लाल सर्वांत आजारी ना, साहेब?"

"म्हणूनच नाही. त्याच्यावर कितीही खर्च करा, ते काही आपल्या अहवालाच्या मुदतीत हिरवं होत नाही. शाळेत कसं असतं? नापास होणाऱ्यावर मास्तर मेहनत घेत नाही, पहिल्या येणाऱ्यावर घेत नाही. काठावरचा असतो ना, त्याच्यावर घेतो. निकाल वर जातो तो काठावरच्यांमुळे. तुमच्या सासूबाईंना म्हणावं, पिवळ्यात या. मी आहे."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही मूल्यमापनाला गेलो. जीपमध्ये साहेब, मी आणि ड्रायव्हरकाका. पाणलोट एवढं पसरलेलं असतं की सगळीकडे फिरून पाहणं शक्य नसतं. म्हणून 'प्रातिनिधिक बिंदू' ठरवलेला असतो. तिथे जे दिसेल ते सगळ्या पाणलोटात आहे असं समजायचं. आमच्या कक्षाच्या जुन्या पद्धतीनुसार प्रातिनिधिक बिंदू हा जिथे जीप वळवता येते तिथे असतो. या रस्त्यावर जीप वळते ती बरोबर मोरीच्या अलीकडे, वरच्या बाजूला.

तिथे उभं राहून आम्ही जंगलाकडे तोंड केलं. झाडी उत्तम. ओढ्याचं पाणी नितळ, कारण माती मिसळते ती मोरीच्या पलीकडे, खाली. साहेब एकेक निकष वाचत गेले, मी गुण भरत गेले.

"पात्रातील मोठं लाकूड?" साहेबांनी विचारलं.

हा निकष चांगल्या हेतूचा आहे. जंगलातल्या ओढ्यात पडलेली खोडं चांगली असतात. त्यांच्या आडोशाला मासे राहतात, पाण्याचा वेग मोडतो, डोह तयार होतात. म्हणून पात्रात मोठं लाकूड असेल तर दोन गुण, नसेल तर शून्य.

आम्ही सर्वत्र पाहिलं. सबंध पात्रात मोठं लाकूड एकच होतं. ते मोरीच्या तोंडात आडवं बसलं होतं.

"साहेब, हा तर तोच ओंडका," मी म्हटलं. "ह्याच्यामुळेच सगळं..."

"मोठा आहे?"

"आहे."

"लाकूड आहे?"

"आहे, पण..."

"पात्रात आहे?"

ड्रायव्हरकाका जीपला टेकून विडी ओढत होते. ते म्हणाले, "आहे की. चांगला फिट बसलाय."

मी दोन गुण भरले. बेरीज एकाहत्तर आली. साहेबांनी माझ्या हातात हात दिला. "अभिनंदन मॅडम. हिरवं."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी म्हण आहे. आमच्याकडे निदान पखालीला तरी औषध मिळतं की नाही हे पाहावं लागेल, असं मला परतीच्या वाटेवर वाटून गेलं. पण तो विचार कोणत्याच निकषात बसत नव्हता.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या ठकूचे कपडे पिळत होत्या. पांढरा फ्रॉक पिळून निघाला तो मातकट.

"म्हणजे ओंडक्यामुळे पाणी बिघडलं," त्या म्हणाल्या, "आणि ओंडक्यामुळेच आपण पास झालो."

"तसं नाही हो आई. निकषांचा आपापला..."

"आणि पास झालो म्हणून ओंडका निघणार नाही."

"पिवळे असतो तर निघाला असता."

"बरं." त्यांनी फ्रॉक झटकून दोरीवर टाकला. "बरं हो."

त्याच आठवड्यात ठकूचं पोट बिघडलं. पाणी उकळून देत होतो, तरी बिघडलं. कोमट अंगाने ती माझ्या मांडीवर पडून राहिली, पिळलेल्या ओल्या रुमालासारखी मऊ. तिच्या केसांतून हात फिरवत मी म्हटलं, "आई, दवाखान्यात नेऊ या का?"

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "आधी सांग, कोणत्या रंगात आहे? हिरवी असेल तर नेण्यात अर्थ नाही, बरीच आहे. लाल असेल तर नेऊन उपयोग नाही. पिवळी झाली की सांग, मी रिक्षा बोलावते."

आणि हे बोलता बोलता त्यांनी तिला माझ्या मांडीवरून उचललं, शालीत गुंडाळलं आणि त्या दाराबाहेर पडल्याही. मी चपला शोधत मागून धावले. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पाणी बदला म्हणून सांगितलं. सासूबाईंनी त्यांनाही विचारलं, "ते कसं बदलायचं हो? त्याची गोळी असते का?"

पुढच्या रविवारी दुपारी सासूबाईंनी मला सांगितलं, "पोरीला घेऊन जरा पड. आणि काही आवाज आला तर ऐकू नकोस. तू सरकारी माणूस आहेस."

मी पडले. आवाज आले ते ऐकले नाहीत. शेजारचे गवंडीकाका आणि त्यांची दोन भावंडं दोरखंड घेऊन रस्त्याने वर गेली हे मी पाहिलं नाही. "जोर लावा रे, सरकारी असला तरी लाकूडच आहे," हे सासूबाईंचं वाक्य वाऱ्यावर आलं तेव्हा मी ठकूच्या कानावर हात ठेवला, कारण साक्षीदार अज्ञान असला तरी साक्षीदारच.

संध्याकाळी ओंडका आमच्या अंगणात होता.

आणि दोनच दिवसांत टाकी नितळ झाली. मी ठकूला टाकीखालच्या उथळ पाण्यात उभं केलं. तिने खाली पाहिलं आणि एकदम ओरडली, "आई! माझी बोटं! सगळी आहेत!" मग तिने ती मोजली. तिला पाचपर्यंतच येतं, म्हणून दुसऱ्या पायाची पुन्हा एकपासून मोजली. मीही मोजली. हिशेब बरोबर होता. इतका समाधानकारक हिशेब मी ऑफिसात कधी पाहिलेला नाही.

ओंडका अंगणातच राहिला. ठकूने त्याला घोडा केलं. सालीच्या फटीत सासूबाईंची जुनी चिंधी खोवून त्याला आयाळ केली. रोज संध्याकाळी मी घरी येई तेव्हा ती त्यावर बसून कुठेतरी जात असे, आणि मला पाहून म्हणे, "थांब, आत्ता पोचतेच."

ऋतू बदलला आणि फेरमूल्यमापन आलं. तीच जीप, तोच बिंदू, तीच आम्ही माणसं. झाडी उत्तम. पाणी नितळ. तिथे ते आधीही नितळच होतं, त्यामुळे त्या निकषात फरक नाही.

"पात्रातील मोठं लाकूड?"

साहेबांनी पात्रात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

"नाही," साहेब म्हणाले. "शून्य."

बेरीज एकोणसत्तर. साहेबांचा चेहरा असा उजळला की मला आधी वाटलं त्यांची बदली झाली.

"मॅडम, पिवळं! तुमचं गाव पिवळं झालं!"

ऑफिसात त्यांनी पेढ्यांऐवजी सर्वांना प्राधान्य यादी वाटली. आमचं पाणलोट त्यात पहिलं होतं. कारणं सबळ होती. जीप जाते. एकच निकष घसरला आहे. तो सावरला की लगेच हिरवं. एका हंगामात पिवळ्याचं हिरवं, म्हणजे विभागातली पहिलीच यशोगाथा.

मी मध्येच म्हटलं, "साहेब, एक सांगू का? पाणी आता स्वच्छ आहे. ओंडका निघाल्यामुळेच स्वच्छ आहे. आता काहीच करायला नको."

साहेबांनी काचेवरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "स्वच्छ असतं तर हिरवं असतं."

"टाकीत बघा ना येऊन."

"टाकी प्रातिनिधिक आहे का?"

"पण लोक तिथलंच पाणी पितात, साहेब."

"पितात," साहेब सहानुभूतीने म्हणाले. "पण पिणं हा निकष नाही. आणि एक लक्षात घ्या, तुमच्याच सासूबाईंची मागणी होती ना, की पिवळ्यात घ्या? घेतलं. आता निधी परत गेला तर उद्या त्याच म्हणतील की वनविभाग काही करत नाही."

आराखड्याचं नाव ठरलं: 'पात्रातील मोठ्या लाकडाची पुनर्स्थापना.' मसुदा मी लिहिला. बरा लिहिला असं सगळे म्हणाले.

काम ज्याला मिळालं तो ठेकेदार हसतमुख माणूस होता. अटीप्रमाणे त्याला याच जंगलातल्या जातीचं, याच पाणलोटातलं, नैसर्गिकरीत्या पडलेलं मोठं खोड हवं होतं. त्याने दोन दिवस जंगल पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी तो चहा प्यायला आमच्या वस्तीत थांबला आणि आमच्या अंगणात बघत उभा राहिला.

"ताई," तो मला म्हणाला, "हा घोडा कुणाचा?"

"माझा," ठकू म्हणाली.

"छान आहे. ह्याच जंगलातला दिसतोय."

सासूबाई घरातून बाहेर आल्या. त्यांनी एकदा ठेकेदाराकडे पाहिलं, एकदा त्याच्या हातातल्या मोजपट्टीकडे, आणि त्या सरळ जाऊन ओंडक्यावर बसल्या. ठकू त्यांच्या पुढे बसली.

"आजी, सरकारी माल आहे हो तो," ठेकेदार म्हणाला.

"मीही सरकारीच आहे. माझी सून सरकारी आहे. उचला मग सगळ्यांना."

"कुठे ठेवणार तुम्ही तो?" मी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"क्रेनचा हात जिथवर पोचेल तिथे. रस्त्यावरून मोरीच्या तोंडापर्यंत पोचतो. त्यापुढे जंगलात क्रेन कुठे नेऊ, ताई? झाडं तोडावी लागतील. पर्यावरणाचं काम आहे हे."

"म्हणजे जिथून काढला तिथेच?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठून काढला ते मला काय माहीत आजी? मला कागदावर फक्त कुठे घालायचा ते आहे."

त्या उठेनात. दुपारपर्यंत बसल्या. गवंडीकाका येऊन त्यांच्या शेजारी बसले, मग त्यांची भावंडं बसली. ओंडका लांब होता म्हणून बरं झालं. शेवटी ठेकेदाराने साहेबांना फोन लावला आणि साहेबांनी मला.

"मॅडम, तुमच्या घरी सरकारी मालमत्ता सापडली असं मी लिहावं का? मला नाही लिहायचं. तुम्ही फक्त लिहून द्या की माल तुम्ही स्वखुशीने उपलब्ध करून दिला. कक्षाला शोभेल. आणि तुमची नोकरी कायम व्हायची आहे ना या वर्षी?"

मी फोन खिशात ठेवला. अंगणात सगळे माझ्याकडे बघत होते. ठकूने घोड्याची चिंधी मुठीत घट्ट धरली होती.

"आई," मी म्हटलं, "उठा ना."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता चार शब्द येतील. एवढंच आलं: "किती गुण पडतात गं तुला ह्याचे?"

त्या उठल्या, ठकूला कडेवर घेतलं आणि आत गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

काम उत्तम दर्जाचं झालं, हे नमूद केलं पाहिजे. ओंडका पुन्हा कोणी 'नैसर्गिकरीत्या' हलवू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी तारांचे दोरखंड घातले आणि काँक्रीटमध्ये पक्कं केलं. शेजारी पाटी लावली: 'पुनरुज्जीवित पाणलोट क्षेत्र. कृपया पात्रातील लाकडास हात लावू नये.' वरून मोठे साहेब आले, त्यांनी फीत कापली. वस्तीच्या वतीने दोन शब्द बोलण्यासाठी सासूबाईंना बोलावलं होतं. त्यांनी निरोप पाठवला की दोन शब्द आहेत, पण बायामाणसांत बोलण्यासारखे नाहीत.

फेरमूल्यमापन फीत कापल्याच्या दिवशीच करून घेतलं, कारण जीप आलेलीच होती. मोठं लाकूड: दोन. बेरीज एकाहत्तर. पिवळ्याचं हिरवं. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आमच्या ओंडक्याचं छायाचित्र आलं. सालीच्या फटीत एक चिंधी अडकलेली दिसते, बारकाईने पाहिलं तर.

फीत कापली त्याच संध्याकाळी पाणी परत गढूळ झालं. त्यावर आता कोणी तक्रारही करेना, कारण ठरावीक वेळेने येणाऱ्या पाहुण्याला कोण नावं ठेवतं?

मग पाऊस लागून राहिला. फार मोठा नव्हता, पण थांबत नव्हता. पहिल्या वेळी ओंडका नुसता अडकलेला होता, त्याच्या आजूबाजूने थोडं पाणी तरी निघत असे. आता तो पक्का होता. त्याच्यामागे फांद्या अडल्या, फांद्यांमागे पाला, पाल्यामागे दगड, आणि दगडांमागे सगळा ओढा. तो रस्त्यावरून गेला नाही, रस्ता घेऊनच गेला. वनरस्त्याचा तुकडा, खालचा उतार, गवंडीकाकांचा गोठा आणि विभागाची पाटी असं सगळं येऊन आमच्या टाकीवर बसलं. माणसं वाचली. टाकी कुठे होती हे आता सासूबाई अंदाजाने दाखवतात.

आम्ही पाहणीला गेलो. जीप वळवायला जागा उरली नव्हती, त्यामुळे पहिल्यांदाच चालत गेलो. ओंडका मात्र तारांना धरून जागच्या जागी होता.

"मोठं लाकूड, दोन," साहेब म्हणाले.

बाकीच्या निकषांत फारसं काही हाती लागलं नाही. बेरीज अडतीस आली. मी पुन्हा केली. चाळीस येते का ते पाहण्यासाठी तिसऱ्यांदा केली.

"साहेब, दोन गुणांनी गेलं."

"मॅडम, लाल ते लाल."

"निदान टाकीवरची माती तरी काढू द्या. गवंडीकाका तयार आहेत. सगळी वस्ती तयार आहे."

"आणि ती माती काय तुमची आहे? वनजमिनीची आहे," साहेब म्हणाले. मग जरा मऊ होऊन म्हणाले, "शिवाय मुखपृष्ठावर हिरवं छापलंय. हिरव्यात माती काढायचं काम दाखवायचं कसं? आणि लालमध्ये काढायचं तर अर्थ काय? दोन्ही बाजूंनी तुमच्यासाठी प्रयत्न करून पाहिला हो मी."

त्यांची महिन्याभरात बढतीवर बदली झाली. यशोगाथेमुळे. माझी नोकरी कायम झाली.

आता टँकर येतो, येतो तेव्हा येतो. सासूबाई माझ्याशी बोलतात. भांड्यांना बोलतात तेवढं नाही, पण बोलतात. काल ठकूने टँकरच्या पाण्याची बादली भरलेली पाहिली, त्यात पाय घातला आणि वाकून बघत राहिली. मी म्हटलं, "मोज."

"नको," ती म्हणाली. "आहेत असं समजू या."

माझी पोर चार वर्षांची आहे आणि तिला प्रातिनिधिक बिंदू कळला.

आमचा ओढा वस्तीपाशी संपत नाही, हे सांगायचं राहिलं. तो खाली नदीला मिळतो आणि नदी शहराच्या पाणीपुरवठ्याला. मागच्या आठवड्यात शहरातून एक सद्गृहस्थ कक्षात आले होते. हातात बाटली, बाटलीत त्यांच्या नळाचं पाणी, जरा धूसर. फार चिडले होते. नवे साहेब आले आहेत, पण टेबल आणि काच तीच. त्यांनी बाटली उजेडात धरली, पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अहो, अजून हिरवं आहे की. थोडं बिघडू द्या, मग या." गृहस्थ मला म्हणाले, "कुणीतरी काहीतरी करायला हवं हो." मी म्हटलं, "आमच्या सासूबाईंनी केलं होतं." ते म्हणाले, "मग त्यांनाच सांगा ना परत."

तुम्हीही हसला असाल मघापासून, आणि मान हलवली असेल. आता उठा आणि तुमच्या नळाचं पाणी काचेच्या ग्लासात घ्या. त्यात बोट बुडवा. स्वच्छ दिसलं तर आमच्याकडे येऊ नका, तुम्ही बरे आहात. अजिबात दिसलं नाही तरी येऊ नका, उशीर झाला. अंधुक दिसलं तर तुमचं अभिनंदन, अर्ज करा. फक्त एक खबरदारी घ्या: अर्जाचा निकाल लागेपर्यंत तुमच्यापैकी कोणी रविवारी दुपारी दोरखंड घेऊन वर जाऊन मोरी मोकळी करणार नाही, एवढं बघा.

ही सूचना नियमात आहे म्हणून लिहिली. तुमच्या बाबतीत ती भीती नाही, हे कक्षाला ठाऊक आहे.